नंतर सांगते

त्या घरात माणसांची नावं तोंडात नव्हती, हातात होती. लेकीच्या डाव्या गालावर खळी पडायची, म्हणून गालाला बोट टेकवून किंचित फिरवलं की ती. जावई सुतार, म्हणून एका तळव्यावरून दुसरा तळवा सरळ पुढे सरकवला की तो, म्हणजे रंधा. आणि आईचं नाव कानाशी होतं. मूठ कानाजवळ नेऊन प्लग खुपसल्यासारखी करायची की झाली आई. कारण आईने उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडण्यात काढली होती आणि ते एक्स्चेंज बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी शेजारीपाजारी तिला अजून ऑपरेटरबाईच म्हणत. टेलिफोन ऑपरेटरच्या पोटी ऐकू न येणारी मुलगी. देवाला विनोद सुचतात, पण वेळकाळ कळत नाही, असं बाई म्हणायच्या.

ही नावं खळीच्या शाळेतल्या पोरांनी ठेवलेली. त्यांचे नियम कडक होते. एक, असलं नाव ऐकू न येणाऱ्यानेच द्यायचं. ऐकणाऱ्याने फक्त घ्यायचं आणि गुपचूप वापरायचं. दोन, माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. ऐकणारी माणसं बाळ पोटात असतानाच नावांवरून भांडून घेतात. यांच्यात तसलं चालत नाही. आधी तोंड दाखव, मग नाव मिळेल.

एक्स्चेंजमध्येही एक नियम होता. तिथल्या हेडबाईंनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता: "जोडायचं आणि बाजूला व्हायचं. दोघांच्या मध्ये तिसऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये." बाईंनी तो प्राणापलीकडे पाळला. किती लग्नं त्यांच्या बोटांनी जुळली, किती मोडली, किती मरणाच्या बातम्या त्यांनी पलीकडे पोहोचवल्या, पण कधी 'अरेरे' म्हणून मध्ये तोंड घातलं नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. म्हणूनच खळीला दिवस गेल्यावर चौथ्या महिन्यात डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्या हातून जे घडलं ते फारच लागलं, लेकीला आणि त्यांना स्वतःलाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच त्यांच्यावर दात धरून बसाल. जाड भिंगांचा चष्मा, हळू आवाज, हात धुऊन ते ऊब यावी म्हणून चोळून मगच पोटाला लावायची सवय. खोड एकच. त्या खळीला तपासायच्या आणि बोलायच्या ऑपरेटरबाईंशी.

"त्यांना सांगा, बाळाची वाढ उत्तम आहे."

बाईंनी हातांनी सांगितलं. खळी हसली, रंध्याने टेबलावर बोटांनी ताल धरला.

"आता आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही, आणि दोघांच्याही घराण्यात ते आहे. बाळाचंही तसंच असण्याची शक्यता मोठी आहे. आता पोटातलं थोडं पाणी काढून तपासलं की ते आधी कळू शकतं. तपासायचं की नाही, ते त्यांच्या मर्जीवर."

"आणि कळलं तर?" बाईंनी विचारलं. हे खळीने विचारायला हवं होतं, हे त्यांना तेव्हा सुचलंच नाही.

"तर काही जोडपी तिथेच थांबायचं ठरवतात. काही नाही ठरवत. मी कुणालाच आग्रह करत नाही. अजून वेळ हातात आहे. त्यांना फक्त विचारा, बाळाला ऐकू येणार नसेल तर त्यांना ते ठेवायचं आहे का?"

बाईंचे हात वर आले आणि हवेतच अडकले. या हातांनी लेकीला काय काय सांगितलं नव्हतं! बाप गेल्याचं सांगितलं होतं. नोकरी नाकारणाऱ्यांची गुळमुळीत कारणं सांगितली होती. रंध्याच्या मागणीचं सांगताना तर स्वतःच लाजल्या होत्या. पण हे कसं सांगायचं? लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून तिला विचारायचं, की बाळ तुझ्यासारखं असेल तर ते नको आहे का?

"सगळं छान आहे," हात शेवटी म्हणाले. "दूध पी. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. पुढच्या महिन्यात ये."

आणि डॉक्टरीणबाईंना त्या म्हणाल्या, "विचार करून सांगते म्हणाली."

एका दमात दोन थापा, लाइनच्या दोन्ही टोकांना एकेक.

ऐकणारी माणसं रुसली की बोलत नाहीत. खळी रुसली की बघत नाही. घरी येईपर्यंत तिने रस्ता बघितला, दुकानांच्या पाट्या बघितल्या, स्वतःचे बूट बघितले, पण आईकडे बघितलं नाही. बाईंना वाटलं, दमली असेल.

स्वयंपाकघरात चुलीच्या वर भिंतीला आरसा लावलेला होता, पाठीमागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. दाराची कळ दाबली की छताखालचा दिवा मिचकायचा. टेबल गोल, कारण चौकोनी टेबलावर कोपऱ्यातल्या माणसाचे हात दिसत नाहीत. 'जेवताना बोलू नये' ही म्हण त्या घरात कुणाला शिकवावी लागली नव्हती. एका वेळी एकच काम करता यायचं, आणि तिघंही बोलके असल्यामुळे सूप नेहमी गार व्हायचं.

त्या दुपारी सूप वाढल्याबरोबर गार झालं. खळीने टेबलावर तळहात आपटला आणि आईकडे बघितलं.

"त्या बोलत होत्या तेवढ्या वेळात माझं भिंतीवरचं चित्र पाठ झालं. आणि तू सांगितलंस काय? दूध पी. दूध एवढं लांबलचक असतं?"

"डॉक्टर जरा पाल्हाळ लावतात."

"त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. मग तुझ्याकडे. आणि तुझं तोंड बाबा गेले त्या दिवसासारखं झालं. दुधाने असं होत नाही, आई."

रंध्याने तोंडाशी नेलेला पाव खाली ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा एकही शब्द न गाळता. शेवटचा प्रश्न मात्र त्यांनी लेकीकडे न बघता पावाकडे बघून सांगितला.

त्यांना वाटलं होतं, आता पोर रडेल, डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडेल. खळीने त्यातलं काही केलं नाही.

"हा प्रश्न मला होता," ती म्हणाली. "मला! पोट माझं, बाळ माझं, प्रश्न माझा. आणि तू मध्येच गिळून टाकलास?"

"तुला लागलं असतं गं."

"लागू दे ना! काचेची आहे का मी? मी रोज काचा घासते. त्यासुद्धा एवढ्या नाजूक नसतात." खळी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, आणि कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तू लाइन तोडलीस."

हे सांगताना तिने आईचंच नाव उलटं केलं. कानाजवळची मूठ झटक्यात बाहेर ओढली. बाईंना कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मध्ये पडला रंधा. हा माणूस एरवी मऊ लाकडाचा. सासूला हातांनी 'तू' म्हणायची त्याला मुभा होती आणि ती तो प्रेमाने वापरायचा. "मी म्हणतो, करू या तपासणी," तो म्हणाला. "ऐकू न येणारं असलं तर मी भर रस्त्यात नाचेन."

"आणि ऐकू येणारं असलं तर?" बाईंनी विचारलं.

रंध्याचे हात मांडीवर गेले. त्याने बायकोकडे बघितलं.

"तर मला भीती वाटते," खळी म्हणाली. आता तिचे हात सावकाश चालत होते. "आठवतंय तुला? घरात सगळे जमायचे. कुणीतरी काहीतरी म्हणायचं आणि तुम्ही सगळे पोट धरून हसायचात. मी तुझी बाही ओढायचे. काय झालं? काय म्हणाले? तू म्हणायचीस, नंतर सांगते. दर वेळी तेच. नंतर सांगते. ते नंतर कधी आलंच नाही, आई. त्या सगळ्या हसण्यांचं मला अजून येणं आहे. आता माझं बाळ कान घेऊन आलं, तर ते तुझ्याशी बोलेल, शेजाऱ्यांशी बोलेल, टीव्हीशी बोलेल. हसेल. आणि मी बाही ओढली की म्हणेल, नंतर सांगतो. माझ्याच घरात, माझंच पोर."

 बाई मुळात तापट, आणि दुखलं की त्यांना आधी रागच यायचा.

"म्हणजे माझ्यासारखं बाळ आलं तर परत पाठवणार? कान आहेत म्हणून? वा गं वा! डॉक्टर विचारतात ते पाप, आणि तुम्ही दोघं करता ती मजा?"

 हे खळीला झोंबलं. रंधा उठून सूप परत तापवायला लागला, कारण काहीतरी करायला हवं होतं. मग खळीने तो प्रश्न विचारला, जो खरं तर सकाळपासूनच त्या टेबलाखाली दबा धरून बसला होता.

"मी पोटात होते तेव्हा ही तपासणी असती, तर तू काय केलं असतंस?"

खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही आईने अशा वेळी खोटं बोलावं आणि देवाने ते कानाआड करावं. पण हात खोटं बोलतात तेव्हा ते आखडतात, आणि बाईंचे आखडलेले हात लेकीने त्याच दिवशी पाहिले होते. आणखी एक थाप दिली असती तर पुढे आयुष्यभर त्यांच्या हातांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

"नसतं ठेवलं," बाई म्हणाल्या.

चुलीपुढे रंध्याची पाठ ताठ झाली. त्याने आरशात पाहिलं होतं.

"तेव्हा मी बावीस वर्षांची. ऐकू न येणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी समजावलं असतं, मी मान डोलावली असती. घरी येऊन रडले असते आणि मग सुटले असं म्हणत जगले असते. कुणाला घालवलं ते मला कधी कळलंसुद्धा नसतं. तुला पाहिलं नव्हतं ना मी."

खळीने डोळे मिटून घेतले. दार आपटण्याची तिची हीच रीत होती. बाईंचे हात अजून काही सांगत होते, पण मिटलेल्या डोळ्यांपुढे हातांनी किती नाचावं? शेवटी ते खाली आले.

पुढचे काही दिवस घरात दिवाळखोर दुकानासारखी अवकळा होती. खळी कामावर जायची, येऊन झोपायची. रंधा दोघींच्या मध्ये अडकलेला, दोन्ही बाजूंनी रंधा खाणाऱ्या फळीसारखा. बाई आपल्या खोलीत बसून विचार करायच्या. खरं बोलून चुकले का? मग वाटायचं, नाही. चुकले ते आधीच, डॉक्टरांच्या खोलीत, आणि त्याआधी कितीतरी वर्षं, त्या प्रत्येक 'नंतर'मध्ये. एक्स्चेंजमध्ये परक्यांची लाइन त्यांनी कधी तोडली नाही. पोटच्या पोरीची मात्र रोज तोडली, आणि त्या तोडण्याला माया असं नाव दिलं.

एका संध्याकाळी रंध्याच्या सुतारकामाच्या कारखान्यातला दिवा दिसला म्हणून त्या आत डोकावल्या. लाकडाचा ओला वास, पायाखाली भुसा. रंधा एक पाळणा जोडत होता, आणि खळी जमिनीवर बसून त्याच्या कठड्याला पॉलिशपेपर घासत होती. पाळण्याच्या उशाशी वायर आणि छोटा दिवा लोंबत होता.

बाईंनी फळीवर पाय आपटला. जमीन थरथरली, दोघांनी वर बघितलं. खळीने बघितलं! बाईंना तेवढंही पुष्कळ होतं.

"हा दिवा कशाला?"

"बाळ रडलं की लागेल," रंधा म्हणाला. "घरभर तीन बसवतोय. एक आमच्या उशाशी."

"कुठल्या बाळासाठी? कान असलेल्या की नसलेल्या?"

रंध्याने सासूकडे असं बघितलं, जणू तिने खिळ्याला डोकं कुठल्या बाजूला असतं ते विचारलं होतं. "रडणार तर दोन्ही. आम्हाला ऐकू येणार कुठलंच नाही. पाळणा तोच, दिवा तोच. मी मोजमाप घेतलं तेव्हा लक्षात आलं, काहीच बदलावं लागत नाही."

खळीने पॉलिशपेपर बाजूला ठेवला, हात झटकले. भुशाने पांढरे झालेले हात तिने आईसमोर धरले.

"मी तुझ्यावर रागावले, कारण तू मला न बघताच नको म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आणि मी काय करत होते? याला न बघताच अट घालत होते. कान नसतील तरच ये. खाण तशी माती, दुसरं काय!"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी रडू निवडलं, कारण ते पुढे होतं.

"तू खरं सांगितलंस," खळी म्हणाली. "ते गिळायला मला वेळ लागला. पण तुझे हात आखडले नव्हते. उद्या चल डॉक्टरांकडे. आई म्हणून येऊ नकोस. मला ऑपरेटर पाहिजे."

"आणि आई?"

"तिला बाहेरच्या बाकावर बसव. काम झालं की बोलावू."

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरबाईंनी केस घट्ट बांधले, नोकरीवर जाताना बांधायच्या तसे. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे बघून सुरुवात केली, "मग, त्यांनी काय ठरवलं?"

"डॉक्टर, माझ्याशी नका बोलू," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे बघा. मी इथे नाही. मी फक्त तार आहे. आणि मागच्या वेळी तार तुटली होती. तुमचा प्रश्न तिला पोहोचलाच नव्हता. चूक माझी. तो परत विचारा."

डॉक्टरीणबाई गडबडल्या. एखाद्या माणसाच्या तोंडावर असा प्रश्न विचारणं, आणि तेही त्याच्याकडे बघत, सोपं नसतं. मध्ये कुणीतरी असलं की बरं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खळीकडे वळून तोच प्रश्न विचारला. बाईंनी तो हातांनी सांगितला, पूर्ण, पावाकडे न बघता. लेकीच्या डोळ्यांत बघून.

खळीला तो दुसऱ्यांदा लागला. गालावरची खळी क्षणभर पुसली गेली. मग तिचे हात उठले, आणि बाईंनी आपला आवाज त्यांना देऊन टाकला.

"हा चष्मा कुठे केलात?"

डॉक्टरीणबाईंनी दुकान सांगितलं.

"मग भिंगं मीच घासलीत. जाड आहेत. ती नसती तर तुम्हाला माझं पोटसुद्धा दिसलं नसतं. तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का, हे बाळ ठेवायचं का म्हणून?"

रंध्याने हसू दाबलं. पण डॉक्टरीणबाई नुसत्या ऐकून घेणाऱ्या नव्हत्या.

"चष्म्याला चार पैसे पडतात आणि काम भागतं," त्या खळीलाच म्हणाल्या. "तुमचं तसं नाही. शाळा, नोकरी, रस्ता, सगळीकडे जास्त झिजावं लागतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आणि मी याच खुर्चीत बसून दुसऱ्याही आया पाहते. ज्यांचं बाळ जन्मभर वेदनेत राहणार, किंवा वर्षा-दोन वर्षांत जाणार. त्या थांबतात तेव्हा मी त्यांना वाईट म्हणू का? तुम्ही म्हणाल?"

बाईंचे हात हे सांगत होते. हेच तर त्यांनाही विचारायचं होतं. पण आई बाहेरच्या बाकावर होती.

खळीने मान लववली. चांगल्या प्रश्नाला ती मान द्यायची.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "त्यांच्या घरात मी राहत नाही. त्यांनी ठरवावं, आणि लोकांनी तोंड बंद ठेवावं. मी फक्त माझं सांगते. माझ्या आयुष्यात दुःख झालं ते कान नव्हते म्हणून नाही. लोक हसायचे आणि मला सांगायचे नाहीत, म्हणून झालं. त्याला पोटातल्या पाण्याची तपासणी लागत नाही. त्याला फक्त सांगणारं माणूस लागतं."

बाईंचा आवाज इथे फुटला. डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या. बाईंनी घसा खाकरला आणि उरलेलं बोलल्या, कारण लाइन चालू होती.

"आणि खरं सांगायचं तर मी तुमच्यापेक्षा शहाणी नाही. मला ऐकू न येणारंच बाळ हवं होतं. त्यासाठी तपासायला मी तयार झाले होते. माझ्या आईने मला धरलं. आमच्यात एक रीत आहे, डॉक्टर. माणूस बघितल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. आम्हाला तपासणी नको. आम्ही आधी त्याला बघू."

रंध्याने दोन्ही हात वर करून मनगटं हलवली. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या त्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे काय म्हणाले?"

"तो टाळ्या वाजवतोय," बाई म्हणाल्या. "हे भाषांतर नाही. हे मी सांगतेय."

डॉक्टरीणबाई हसल्या. उठून त्यांनी हात धुतले, ऊब यावी म्हणून चोळले आणि खळीकडे बघून विचारलं, "पोट बघू?" त्या दिवसापासून त्या परत कधी ऑपरेटरबाईंकडे बघून बोलल्या नाहीत. बाईंना आधी जरा अपमान वाटला, मग सवय झाली.

बाळ आलं ते भर सकाळी, आणि आल्याआल्या असं काही किंचाळलं की कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. मुलगी होती. रंध्याने बायकोच्या पलंगाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी नर्सने त्याला स्टुलावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी नर्स कान तपासायचं लहानसं यंत्र घेऊन आली. मऊ टोकाचा एक प्लग तिने बाळाच्या कानात अलगद बसवला. रंध्याने लगेच बायकोला कोपर मारलं.

"बघ! आल्याआल्या आजीचं नाव घेतलं!"

यंत्राने एक कान बघितला, मग दुसरा. नर्सने पुन्हा पहिला बघितला. मग प्लग काढून तिने ऑपरेटरबाईंना हळूच खूण केली. "आजी, जरा बाहेर येता?"

कॉरिडॉरमध्ये तिने आवाज खाली आणला. "दोन्हीकडे काही येत नाहीये. परत तपासतील, पण मला नाही वाटत फरक पडेल. तुम्हीच सांगा त्यांना. आत्ता नको, जरा सावरल्या की. हळूहळू."

बाई भिंतीला टेकल्या. अशाच एका कॉरिडॉरमध्ये एकदा त्यांच्या नवऱ्याला कुणीतरी असंच बाहेर बोलावलं होतं. त्या आत पलंगावर होत्या, कुशीत खळी. नवरा परत आला तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं. काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं, आणि तो म्हणाला होता, नंतर सांगतो. म्हणजे ते 'नंतर' त्यांच्याही वाट्याला आलं होतं. तिथूनच त्यांनी ते उचललं आणि पुढे लेकीला दिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. इतक्या मोठ्याने, की नर्स दचकली. "मी नाही सांगणार. तुम्ही आत या, तिच्याकडे बघा आणि सांगा. मी जोडून देते."

आणि त्यांनी नर्सचा हात धरून तिला आत नेलं. नर्स बोलली, चाचरत, चुकत. बाईंच्या हातांनी शब्दन् शब्द पोहोचवला, 'मला नाही वाटत फरक पडेल' सकट. मग त्या बाजूला झाल्या.

रंधा स्टुलावरून उठला. नाचेन म्हणाला होता, पण नाचला नाही. भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला, आणि मग वळून दोन्ही हात वर करून मनगटं हलवत राहिला. खळी बाळाकडे बघत होती. मग तिने वर बघितलं ते आईकडे.

"तू?" तिने विचारलं. "आता पाहिलंस. आता सांग."

बाईंनी नातीला उचलून घेतलं. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, हे सगळं काय चाललंय आणि मला आधी का विचारलं नाही, अशा थाटात. बाईंच्या मनात भीती होती का? होती. शाळा, रस्ते, नोकऱ्या, सगळं परत. पण त्या भीतीच्या शेजारी त्याहून मोठं काहीतरी होतं. अठ्ठावीस वर्षं त्या ज्या बातमीला रडल्या होत्या, तीच बातमी त्यांच्या हातात जांभई देत होती.

त्यांनी बाळाला खळीच्या मांडीवर ठेवलं, कारण हे सांगायला दोन्ही हात लागणार होते.

"ठेवली," त्या म्हणाल्या. "हिला ठेवली. आणि तुलाही. उशिरा सांगतेय, पण तुला पाहून ठेवलं."

खळीच्या गालावर खळी पडली, आणि त्यात पाणी साठलं. तिने रंध्याकडे बघितलं, रंध्याने मान हलवली. मग ती म्हणाली, "हिचं नाव तू ठेव."

"मी? मला ऐकू येतं. नियम आहे तुमचा."

"नियम आम्ही केला. आज मोडतो. बघून ठेव मात्र."

ऑपरेटरबाई वाकल्या आणि बघत राहिल्या, नर्सला वाटावं आता झोपच लागली की काय इतका वेळ. मग त्यांनी दोन बोटं स्वतःच्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये टेकवली आणि चिमटली. आठी.

खळी आणि आठी! रंधा हसायला लागला, खळी टाके सांभाळत हसायला लागली, बाईंना तर हसू आवरेचना. खोलीतलं हसणं ऐकू येत होतं फक्त बाईंना आणि नर्सला, पण हसत होते तिघंही, आणि काही न कळून नर्ससुद्धा.

एकटी आठी तेवढी हसत नव्हती. ती कपाळ आक्रसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या इवल्याशा मुठीत आजीची बाही सापडली होती.

बाईंनी हसणं थांबवलं. बाही न सोडवता त्या बाळाच्या तोंडासमोर आल्या आणि दोन्ही हात तिला दिसतील असे धरून, आम्ही कशाला हसलो ते तिला तिथल्या तिथे, पहिल्यापासून सांगायला लागल्या.